भुईआवळीला आमंत्रण

१ जुलै १९५६, रविवार. विक्रोळी

सकाळी दार उघडले तर ओसरीवर पिवळ्या डोळ्यांची सात माणसे बसलेली. आते काविळीवर पाल्याचे औषध देते हे गावी ऐकले होते, पण भांडुप-ठाण्याहून माणसे येत असतील असे वाटले नव्हते. रविवार आणि बुधवार हे तिचे वार, पाऊस लागून पाला उगवला की सुरू होतात; यंदाचा आजचा पहिला. अनशेपोटी यायचे, तिने वाटलेला पाला गाईच्या दुधातून प्यायचा आणि मागे न बघता निघून जायचे. पैसे द्यायचे नाहीत. पाल्याचे नाव विचारायचे नाही.

"का नाही विचारायचं?" मी म्हटले.

"नाव फोडलंय तर गुण जाता," आते म्हणाली आणि पाटा धुवायला गेली.

मला इथे येऊन तीन आठवडे झाले. घाटकोपरच्या शाळेत शास्त्र शिकवते. घरात पहिली पदवी माझी. वडिलांनी, भाऊंनी, गिरणीत तीस वर्षे काढून मला बी. एस्सी. केले आणि आता ते गावी भात लावत आहेत. त्यांच्या बहिणीच्या या एका खोलीत मी राहते. चाळीतल्या बायका वाईट नाहीत. मी बादली घेऊन नळावर गेले की त्यांच्या गप्पा बंद होतात. "मास्तरीणबाई आल्या, पुढे घ्या गं त्यांना," कुणीतरी म्हणते आणि रांग बाजूला होते. माझी बादली सगळ्यात आधी भरते. मला पुढचा नंबर नको असतो. त्या कशाला हसत होत्या ते हवे असते.

४ जुलै

आज मी फार मोठा गुन्हा केला म्हणे.

पहाटे आते डोक्यावरून पदर घेऊन निघाली होती. मी अंथरुणातून विचारले, "आते, कुठे चाललीस?" ती दारातच थांबली. परत आत आली, पदर काढला आणि चूल पेटवायला बसली. बाहेर नऊ माणसे जमली होती. "आज होवचा नाय, रविवारी येवा," एवढेच तिने त्यांना सांगितले. मला एक शब्द बोलली नाही.

शेजारच्या विमलाने समजावले. विमला ही कारखान्यात फिटर असलेल्या दत्तारामची बायको, वय असेल अठरा-एकोणीस. "अहो ताई, काकी आदल्या संध्याकाळी तांदूळ-सुपारी घेऊन जातात ना, त्या झाडाला आमंत्रण द्यायला. उद्या तुला न्यायला येते म्हणून सांगतात. मग सकाळी तोडून आणीपर्यंत बोलायचं नाही कुणाशी. आम्ही नळावर असलो तरी गप्प राहतो. आणि जाणाऱ्याला कुठे म्हणून विचारलंत तुम्ही!"

ती हसली, तेव्हा मलाही हसू आले. पण मनातून राग गेला नाही. झाडाला कान नसतात. ठाण्याहून ताप अंगात घेऊन आलेला माणूस एका प्रश्नासाठी परत जातो, हे मला पटत नाही. ते औषध खरोखर गुणकारी असेल तर त्याचे नाव सर्वांना कळले पाहिजे. गुणकारी नसेल तर तेही.

१५ जुलै, रविवार

वह्या तपासण्याचे निमित्त करून ओसरीवर बसले आणि आतेची पद्धत पाहिली. आधी प्रत्येकाला उजेडाकडे तोंड करून उभे करते. खालची पापणी ओढून बघते. नखे बघते, पायाच्या घोट्यावर अंगठा दाबते. मग भलतेच प्रश्न. रात्री झोप लागते का? घरची नावे सांग बघू. घरात स्वयंपाक कोण करते? तेल, तिखट, मासळी एकवीस दिवस बंद, हे तिने रोग्याला सांगितले नाही, त्याच्याबरोबर आलेल्या बाईला सांगितले.

आज दोघांना तिने औषध न देता हाकलले. एक म्हातारा, त्याचे पाय सुजले होते. दुसरी गर्भारशी. तिची सासू पाया पडत होती. "माझ्या हातान होवचा नाय. आत्ताच्या आत्ता इस्पितळात घेवन जा, घराकडे जाव नुको," असे आते जवळजवळ ओरडली.

नंतर मी विचारले, गर्भारशीचा काय विटाळ होतो झाडाला? आते म्हणाली, "तुका काय कळता?" मला खरेच कळत नाही. एवढी मायाळू बाई, आणि ज्यांना सर्वांत गरज त्यांनाच दारातून परत पाठवते.

१८ जुलै

विमलाला पाटी आणून दिली. तिनेच भीत भीत विचारले, "ताई, मला येईल का हो वाचता? ह्यांनाही येत नाही. गावाहून पत्र आलं की खालच्या वाण्याकडून वाचून घ्यावं लागतं. तो मोठ्यानं वाचतो मेला." तिला पाचवा महिना आहे. बाळाच्या आधी वाचायला शिकायचे असा तिचा पण आहे. दुपारी मी शाळेतून आले की ती येते. ग, म, भ, न आज झाले. तेवढा तासभर ही खोली माझी वाटते.

२५ जुलै

आतेने आज शेवटी सांगितले!

पाल्याचे नाव सांग, हे टुमणे मी पुन्हा लावले होते. ती वाल सोलत होती. हातातला वाल टोपलीत टाकून म्हणाली, "माका पोर नाय. कोणाक तरी देवचाच हा. पण एकदा तुका दिलंय की माझो हात संपलो. मगे माणसा येतली तेंका तू बघूचा. बघशील?"

मी म्हटले, "आते, हात संपत नसतो. तू मला नुसतं नाव सांग."

तिने माझ्याकडे बघितले. मग चप्पल न घालता उठली, मला रुळांपलीकडच्या मोकळ्या जागेत घेऊन गेली आणि वाकून एक रोप दाखवले. मी हसलेच. भुईआवळी! पावसाळ्यात जिथे तिथे उगवणारी, वीतभर उंचीची. पानांच्या देठाखाली मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या आवळ्यांची रांग. कॉलेजात प्रात्यक्षिकासाठी आम्ही हीच उपटून आणत होतो. माणसे हिला तुडवत आतेच्या दारात औषध मागायला येतात!

आते म्हणाली, "आजून सांगूचा हा. बस जरा." पण माझ्या डोक्यात लेख तयार होऊ लागला होता. म्हटले, उद्या सांग, आता लिहून काढते. तिने पदराने हात पुसले. परत येताना ती माझ्या मागून चालत होती, एरवी पुढे असते.

२९ जुलै, रविवार

माणसे आली. आते म्हणाली, "माझ्याकडे आता नाय," आणि माझ्याकडे पाहिले. मी त्यांना रोप दाखवले, नाव सांगितले, कसे वाटायचे ते सांगितले, घरी करा म्हटले. एवढ्या लांब येण्याची गरज नाही. त्यांनी आनंदित व्हायला हवे होते. एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे हेच होय?" आणि रोप ओसरीवर ठेवून गेली.

आते दिवसभर चुलीपाशी बसून होती. चूल पेटलेली नव्हती.

लेख साप्ताहिकाला पाठवला. चार वेळा लिहून काढला.

१९ ऑगस्ट, रविवार

छापून आला! 'गरिबांची वैद्यीण : भुईआवळी'. खाली, कु. सुलक्षणा धाकू परब, बी. एस्सी. भाऊंना एक प्रत पाठवते. ते कुणाकडून तरी वाचून घेतील आणि मग घडी घालून देवापाशी ठेवतील.

संपादकांनी एक ओळही गाळली नाही. भूक वाढवते, पित्त शमवते, लघवी साफ करते, काविळीत यकृताला बळ देते, हे सगळे आले आहे. मला सर्वांत आवडलेला भाग असा : "हे औषध देणारी मंडळी झाडाला आमंत्रण, मौन, ठरावीक वार असे अवडंबर माजवतात. गर्भिणीला ते द्यायचे नाही ही अशीच एक भाबडी समजूत. भुईआवळी ही केवळ एक पालेभाजी आहे. ती कोणीही, कधीही, निर्धास्तपणे घ्यावी."

आतेला वाचून दाखवला. हा भाग वाचला नाही. ती म्हणाली, "बरा लिवलंस." मग विचारले, "माझा नाव नाय मां त्यात?" मी नाही म्हटल्यावर तिला हायसे वाटल्यासारखे दिसले.

विमलाने पान मागून घेतले. "मी वाचते, ताई. दिवस लागले तरी वाचते. तुम्ही सांगायचं नाही."

२६ ऑगस्ट, रविवार

आज कोणीही आले नाही. आतेने ओसरी झाडली होती, चटई घातली होती. दहा वाजता तिने चटई गुंडाळली.

मी शहाणपणाने वागले असे मला वाटते. मग तिच्या पाठीकडे बघवत का नाही?

३० ऑगस्ट

विमलाने आख्खा लेख वाचून दाखवला! 'यकृत' आणि 'निर्धास्तपणे' या शब्दांना अडली, पण सुटली. आयुष्यात तिने एकटीने वाचलेली पहिली गोष्ट माझी आहे. याहून मोठे पारितोषिक मला कॉलेजात मिळाले नाही.

३ सप्टेंबर

आते गणपतीसाठी गावी गेली. माझी शाळा आहे. अर्धी चाळ रिकामी झाली. दत्ताराम आणि विमला आहेत, तिला सातवा महिना लागला म्हणून तिला प्रवास नको. निघताना आतेने सांगितले, "इमलाक बघ हां. नीट बघ." मी म्हटले, ती रोज येतेच की.

८ सप्टेंबर. गणेशचतुर्थी

एकटीने घालवलेला हा माझा पहिलाच सण. सकाळी नळावर कोणीच नव्हते, बादली भरल्याचा आवाज खाली वाण्यापर्यंत गेला असेल. गावी आता आरती चालू असेल, भाऊंचा आवाज सगळ्यांच्या मागे राहत असेल.

संध्याकाळी विमला मोदक घेऊन आली. स्वतः मात्र एकही खाईना. तुपाचा वासच सहन होत नाही म्हणाली. या दिवसांत होत असेल असे. कंदिलाच्या उजेडात तिचा चेहरा हळदीने माखल्यासारखा पिवळा दिसत होता. कंदिलाची काच पुसायला झाली आहे.

१० सप्टेंबर

शाळेतून येताना रुळांपलीकडे विमला वाकलेली दिसली. मला बघून काहीतरी पदरात घेतले. "टाकळा हो, भाजीला," म्हणाली. मी म्हटले, टाकळा आता केवढा जून झाला असेल! तर नुसती हसली.

धड्यात लक्ष नव्हते. सारखी दंड खाजवत होती. डास फार झाले आहेत. दत्तारामला सांगून नाल्यात घासलेट टाकायला हवे.

१२ सप्टेंबर

विमला आली नाही. झोपली आहे असे दत्तारामने सांगितले. कंटाळा करते आहे असे वाटून मला जरा रागच आला. जोडाक्षरे इतकी छान चालली होती.

१४ सप्टेंबर

दुपारी शाळेत शिपाई सांगत आला, बाहेर कोणी माणूस उभा आहे. दत्ताराम होता. "ताई, ती कायबाय बोलतेय. मला ओळखत नाही," एवढेच बोलला.

आम्ही तिला इस्पितळात घेऊन गेलो. उन्हात तिचे डोळे मी पहिल्यांदा पाहिले. आतेच्या ओसरीवर मी असे डोळे सात-सात, नऊ-नऊ मोजले होते.

डॉक्टर तरुण होते. पापणी ओढली, नखे बघितली, घोट्यावर अंगठा दाबला. मग म्हणाले, "आठ दिवस काय करत होतात? गर्भारपणातली कावीळ आहे ही! पहिल्या दिवशी आणायचं. बाकीच्यांची पथ्यानं उतरते बहुतेक, हिची नाही." दत्ताराम म्हणाला की औषध चालू होते, पाल्याचे. डॉक्टर संतापले. "कोण सांगतं तुम्हाला हे?" दत्तारामने खिशातून घडी केलेले पान काढले. घड्यांवर कागद विरला होता. डॉक्टरांनी ते वाचले, शेवटपर्यंत वाचले.

"ही कोण बाई? ओळखीची आहे?"

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते.

"नाही," दत्ताराम म्हणाला. "असेल कुणी शिकलेली."

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मीही काही बोलले नाही. हे मी इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुठे लिहिणार नाही. मी काहीच बोलले नाही.

१५ सप्टेंबर

मुलगी होती. मेलेलीच जन्मली.

विमला आहे. तिला थोडा वेळ शुद्ध आली तेव्हा मी खाटेपाशी होते. ती हळू म्हणाली, "ताई, मी सगळं वाचून वाचून केलं. एक अक्षर चुकलं नाही. बरं वाटलं की सांगणार होते तुम्हाला."

२१ सप्टेंबर

आते आली. वाटेतच कोणीतरी सांगितले असावे. बोचके खाली ठेवले, आधी विमलाच्या दाराशी जाऊन आली. दाराला कुलूप होते.

मी सगळे सांगितले. न वाचलेला भागही वाचून दाखवला. ती चिडेल, मारेल असे वाटत होते. तिने मारले असते तर बरे झाले असते. तिने माझ्यासाठी तांदूळ धुतले.

जेवताना म्हणाली, "तू पाल्याचा नाव इचारलंस, मी नाव सांगलंय. औषद तू इचारूकच नाय."

थोड्या वेळाने म्हणाली, "माजी चूक. उठान गेलंस तेवा तुका हाताक धरून बसवक व्हया होता."

तिने स्वतःकडे घेतलेला तो अर्धा वाटा मला सर्वांत जड झाला.

३० सप्टेंबर, रविवार

विमलाला इस्पितळातून परस्पर माहेरी नेले, राजापूरकडे. परत कधी येणार ते दत्तारामला विचारायचे धाडस झाले नाही. सकाळी दार उघडले तर उंबऱ्याशी पाटी ठेवलेली. धुऊन, पुसून. पेन्सिलीचा तुकडा वर.

साप्ताहिकाला मी पत्र पाठवले होते, लेखातली चूक स्पष्ट लिहून. नावासह छापा म्हटले होते. उत्तर आले : जागेअभावी शक्य नाही, आपण दुसऱ्या एखाद्या वनस्पतीवर लिहावे, वाचकांना फार आवडले.

नळावर गेले. रांग बाजूला झाली नाही. मी शेवटी उभी राहिले. हेच मला हवे होते ना.

७ ऑक्टोबर, रविवार

गेला पंधरवडा संध्याकाळी आते मला शिकवते आहे. पाल्याचे नाही, माणसाचे. स्वतःची पापणी ओढून दाखवते. घरची नावे विचारायची ती उगाच नव्हे, डोके ठिकाणावर आहे का ते कळते. स्वयंपाक करणारीला पथ्य सांगायचे, कारण रोगी खोटे बोलतो. दोन वार ठेवायचे, म्हणजे तोच माणूस दुसऱ्यांदा डोळ्यांसमोर येतो, बरा की वाईट ते दिसते. "आणि आमंत्रण?" मी विचारले. "आणि मुकं राहणं?"

आते म्हणाली, "आदल्या रातीक प्रत्येकाचो इचार करूक गावता. कोणाक देवचा, कोणाक नाय. सकाळी बोललंय तर तो इचार मोडता."

हे तिने आत्ता माझ्यासाठी जुळवले की खरेच तसे आहे, मला ठाऊक नाही. भुईआवळीने कावीळ उतरते की पथ्याने आणि विश्रांतीने, तेही मला ठाऊक नाही. मी बी. एस्सी. आहे आणि मला ठाऊक नाही.

९ ऑक्टोबर

कांजूरहून एक बाई सासऱ्याला घेऊन आली, वार नसताना. आते आतूनच म्हणाली, "माझ्याकडे नाय. तिच्याकडे."

मी म्हाताऱ्यांना उजेडाकडे वळवले. पापणी, नखे, घोटे. नातवंडांची नावे विचारली, पाचही सांगितली, धाकट्याचे सांगताना हसले. सुनेला पथ्य सांगितले. औषधासोबत डॉक्टरलाही दाखवायचे, नाहीतर देणार नाही, हे माझे मी घातले. आतून आतेने पाटा धुतल्याचा आवाज आला. उद्या या, अनशेपोटी, असे त्यांना सांगितले.

संध्याकाळी तांदूळ-सुपारी घेऊन रुळांपलीकडे गेले. रोपे पिवळी पडू लागली आहेत. काय बोलायचे असते ते आतेने सांगितले होते. जिथे विमला वाकली होती तिथे बराच वेळ बसले. शेवटी एवढेच म्हटले, "उद्या येते."

१० ऑक्टोबर, बुधवार

पहाटे डोक्यावरून पदर घेऊन निघाले. आते जागी होती, तिने कूस बदलली. नळावर चार बायका होत्या. मला पाहून त्यांचे बोलणे थांबले. एकीने बादली वाजू नये म्हणून हाताने धरली. आज त्या का गप्प झाल्या ते मला माहीत होते.

कोपऱ्यावर दत्ताराम दात घासत उभा होता. मी जवळ आले तशी त्याने मान भिंतीकडे वळवली आणि मी जाईपर्यंत तशीच ठेवली.

रीत म्हणून वळवली की माझे तोंड बघायचे नव्हते म्हणून, ते विचारता येण्यासारखे नव्हते. मी पुढे गेले.